सयत्रा नान्हे, दोन ओळी

मासेमारी सोसायटीच्या लॅपटॉपची एनची कळ निखळली आहे.
नान्हे, नंदेश्वर, नवेटोला,
आमच्याकडे एनशिवाय काही लिहिताच येत नाही.
मी खोबणीत करंगळी घालून दाबते.
पहिला प्रोग्राम असा करंगळीने लिहिला.

साकोलीच्या क्लासमध्ये सरावाला जी फाइल दिली
तिच्यात कुठल्याशा परदेशी फुलांच्या पाकळ्यांची मापं होती,
दीडशे फुलं, एकही सुकलेलं नाही,
एकही रकाना रिकामा नाही.
मला पैकीच्या पैकी मार्क मिळाले.

मग सोसायटीची वही समोर आली.
अकरा वर्षं, चार चिटणीस, चार अक्षरं.
मरळ म्हणजे मरळ, मरड, मरल,
एका पावसाळ्यात नुसता म आणि टिंब.
किलोच्या रकान्यात: साडेतीन. सात. दोन टोपल्या.
पाऊस होता.
मशीन लाल अक्षरांत म्हणालं,
"पाऊस होता"चा आकडा होत नाही.

त्या लाल ओळींनीच शिकवलं मला.
सर फळ्यावर लिहीत, मी उतरवत असे;
इथे चूक मीच करायची, निस्तरायचीही मीच,
आणि तेवढ्यात लाइट जायची.
बाबा तलावाकाठी दोन बांबूंवर जाळं पसरून बसतात.
"पान्यात जाळं धडच दिसते," म्हणतात,
"भोक वाळत घातल्यावर दिसते."
मी म्हटलं, हो बाबा,
आणि तरी त्या दिवशी कॉपी न काढता
खऱ्या फाइलवर हुकूम चालवला:
सारखी नावं एक कर.

दोनशे चौदा सभासदांचे दोनशे नऊ झाले.
किती नीटस दिसत होती यादी!
हंगामाचा वाटा त्याच यादीवर गेला.

गुरुवारी, बाजाराच्या दिवशी,
दारात एक बाई, डोक्यावर रिकामी टोपली.
"मी सयत्रा नान्हे.
तुया मशीनीत मेली का वो मी?"
तिच्या मागे आणखी एक,
पदराच्या गाठीत नोटा.
"मी बी सयत्रा नान्हे. वरच्या टोलीची.
यातले अर्धे पैसे माये नाईत.
हिले घेऊनच आली."

मी खुर्ची दिली. एकच होती.
दोघी उभ्याच राहिल्या.

मी समजावलं: नावावर भरवसा ठेवला, चुकलं.
प्रत्येकीला वेगळा नंबर हवा,
जो दुसऱ्या कुणाचा नसेल.
"मग लिव्ह," वरच्या टोलीची म्हणाली,
"हे डोंग्यावाली, मी शिंगाडेवाली."
मी म्हटलं, आकडा लागतो. ही एक, तुम्ही दोन.
"दोन नंबरची कोन?"
दोघी एकदम.

शेवटी एकीला एकशे सात,
दुसरीला तीनशे चाळीस.
भांडण मिटलं.
पण त्या दोघी अजून विचारतात,
मधले सगळे कुठं गेले?

उरलेल्या चार जोड्यांकडे मी सायकलने गेले.
दोन खरंच एकच माणूस निघाले,
एक बाप आणि मुलगा,
आणि एक जण मागच्या सालीच वारला होता,
त्याचा पुतण्या त्याच्या नावाने मासळी घालत होता.
हे कुठल्याच हुकमाने सांगितलं नसतं.

आता आधी कॉपी काढते.
मग दहा ओळींवर चालवून बघते,
मग बाबांच्या चहाच्या वेळेपर्यंत थांबते, मग सगळ्यांवर.
जे आकड्यात बसत नाही ते पुसत नाही,
शेरा नावाचा रकाना केला आहे त्यासाठी:
डोंगा उलटला. काटा बिघडला.
धाकटीचं बाळंतपण. पाऊस होता.
त्याची बेरीज लागत नाही,
चिटणीस म्हणतात, मग ठेवला कशाला?

काल रात्री मीही एक शेरा भरला,
करंगळी खोबणीत घालून:
लाइट गेली. सत्तावीस ओळी पुन्हा टाकल्या.